'साधा' स्टार्टर आणि 'सोपा' स्टार्टर: एकच का?

पंपघर: गावच्या नळयोजनेच्या पंपघरात भिंतीवर लावायला एक पान लिहायचं आहे. बोअरमधली ५ एचपीची थ्री-फेज मोटर, स्टार्टर (मोटर सुरू-बंद करायची पेटी) नवा. सोबतच्या माहितीपत्रकात 'साधी, सोपी व सुलभ हाताळणी' असं छापलंय. एकाच गोष्टीले तीन शब्द कशाले? अन् दुकानात विचारतात, "साधा देऊ का ऑटो?" तिथं साध्याच्या उलट 'अवघड' नाही, 'ऑटो' आहे. मग 'साधा' म्हणजे नेमकं काय?

मास्तर: 'साधा' वस्तूच्या बनावटीबद्दल बोलतो, 'सोपा' करणाऱ्याच्या कष्टाबद्दल. पेपर सोपा जातो, साधा जात नाही. चहा साधा असतो, सोपा नसतो. 'सुलभ' तिसराच: मुळात सहज मिळणारं ते सुलभ, सहज करता येणारं ते सुकर. आज सुलभ सोप्याच्या जागी चालतो, त्याला चूक म्हणत नाही. पण तुमच्या माहितीपत्रकात तो निव्वळ भरतीला आलाय.

दुकानातला 'साधा' मात्र निराळा. एसटीची 'साधी गाडी' निमआराम आल्यावर साधी झाली, त्याआधी ती नुसती गाडी होती. टच आला अन् बटनाचा मोबाईल 'साधा' झाला. हे वर्णन नव्हे, मागाहून पडलेलं नाव आहे. म्हणून साध्या गाडीपेक्षा साधं काही आलं, तरी तिचं नाव साधी गाडीच राहील.

वायंडिंग: मास्तर, स्टार्टरच्या बाबतीत नाव अन् वर्णन दोन्ही जुळते. साधा म्हंजे डीओएल, लाईन थेट मोटरले देनारा. झाकन उघडलं का आत कॉन्टॅक्टर (मोटरची लाईन जोडनारा-तोडनारा स्विच), त्याले ओढून धरनारी नो-व्होल्ट कॉइल अन् खाली ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला का मोटर बंद करते). बाहेर हिरवं बटन, लाल बटन. बस.

लाईन गेली का कॉइल सुटते. लाईन आली तरी मोटर सुरू होत नाही, हिरवं बटन दाबाच लागते. लोकं याले खोट समजतात. खोट नाही, मुद्दाम तसं हाय. वायर जोडाले कोनी हात घातला असन अन् तेवढ्यात लाईन आली, तर मानूस वाचला पाह्यजे.

म्हनून हा साधा हाय, पन सोपा नाही. शेतीची लाईन रातची असली तर बटन दाबाले रातीच जा लागते.

पंपघर: म्हणूनच लोक ऑटो लावतात, लाईन आली की मोटर आपोआप सुरू.

डीपीखालचा: आणि म्हणूनच महावितरण वर्षानुवर्षं सांगते, ऑटोस्विच काढा, भार हलका करणारा कॅपॅसिटर लावा. हिशेब पाहा. ६३ केव्हीएच्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, पूर्ण भार साधारण ८४ अँपिअर. ५ एचपीची मोटर चालताना ७ ते साडेसात अँपिअर घेते. दहा मोटरी चालत्या असल्या तर ७५, म्हणजे निभते. पण सुरू होण्याच्या क्षणी मोटर सहापट ओढते. लाईन येताच दहाही ऑटो एकदम लागले की साडेचारशेच्या घरात गेले. व्होल्टेज कोसळते, मोटरी उचलत नाहीत, जागेवर नुसता आवाज करतात, आणि डीपीचा फ्यूज जातो. हेच रोज झालं तर डीपीही जळते. एकेकट्यासाठी सोपं, दहाजणांसाठी अवघड. याला मराठीत काय म्हणायचं ते मास्तर सांगा.

ऑटो लावायचाच असेल तर त्यातला टायमर प्रत्येकानं वेगळा ठेवावा. कोणाचा ३० सेकंद, कोणाचा ९०, कोणाचा दोन मिनिटं.

मास्तर: त्याला शब्द नाही. 'सोपं' म्हटलं की 'कोणाला?' हा प्रश्न गृहीत असतो. 'साधं' म्हटलं की तो उठत नाही. तुमच्या उदाहरणानं हा फरक माझ्या चहापेक्षा चांगला कळतो.

पंपघर: मोबाईल स्टार्टरचं काय? घरून मिसकॉल दिला की मोटर सुरू.

वायंडिंग: लय सोपा. पन आतून साधा बिलकूल नाही. सिम, त्याचा रिचार्ज, टॉवर, बोर्ड. यातलं एक गेलं का सगळं बसलं. विजा कडाडल्या का बोर्ड जाते. डीओएलची कॉइल तालुक्याच्या गावी मिळते, पेचकस घेऊन बसलं तर बदलून होते. जुन्या कॉइलवरचं व्होल्टेज वाचून तेच घ्या. २३० ची कॉइल ४१५ वर लावली तर लावताच जळते. बोर्ड मात्र कोनी सुधरवत नाही, अख्खा बदला लागते.

ऑटोचा एक मोठा फायदा बी सांगतो. सबमर्सिबलले, म्हंजे बोअरच्या पान्यात बुडालेल्या मोटरले, पानीच थंड ठेवते. बोअरचं पानी खाली गेलं तर डीओएलले पत्ता नाही लागत, मोटर कोरडी चालून जळते. रिले बी वाचवत नाही, काऊन का कोरड्या मोटरचा करंट वाढत नाही, उतरते. चांगला ऑटो तो उतरलेला करंट पाहून बंद करते.

खारपाणपट्टा: 'साधा'ची एक बाजू राहिली. आमच्या विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यात कूलर घेताना लोक आपणहून 'साधा' मागतात: लोखंडी बॉडी, गवताच्या ताट्या, फिरवायचं बटन. हनीकॉम्ब पॅड गवतापेक्षा जास्त हंगाम टिकतो खरा, पण आमच्या खाऱ्या पाण्यात त्याच्या नळ्या क्षारानं बुजतात अन् हवा अडते. गवत दर उन्हाळ्यात बदला, विषय संपला. इथं 'साधा' म्हणजे हलका माल नाही, 'इथल्या पाण्याला पुरणारा' असा अर्थ आहे. रिमोटच्या कूलरचा पंखा थांबला तर बोर्ड की मोटर हे कळायलाच वेळ जातो. साध्यात पंखा नुसता आवाज करतो पण फिरत नाही, तर आधी कंडेन्सर (पंख्याला फिरायला जोर देणारा) बघायचा. लाईन काढून, जुन्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडचाच नवा लावायचा.

मास्तर: ताई, ही छटा लक्षात नव्हती. उलट बाजूही आहे: 'साधं विचारलंसुद्धा नाही', 'साधी गोष्ट'. तिथं साधा म्हणजे क्षुल्लक. पंपघरात 'साधा बिघाड' लिहिलं तर कोणी मनावर घेणार नाही.

पंपघर: मग बिघाडाला काय लिहू? स्टार्टर टिरीप मारतो, म्हणजे मधेच मोटर तोडतो, लोक म्हणतात 'बिघडला'.

वायंडिंग: हाच शब्द घात करते. बिघडला म्हटलं का कोनीतरी रिले ७ वरून १० वर नेते, नाहीतर कॉन्टॅक्टरमधी काडी खुपसते. मंग मोटर जळते. रिले मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवरच ठेवा.

डीपीखालचा: तसंच डीपी बदलल्यावर. फेज उलटे आले तर डीओएलवर मोटर उलटी फिरते, आवाज येतो पण पाणी कमी. चांगला ऑटो सुरूच होत नाही. लोक म्हणतात नवा स्टार्टर खराब निघाला. मेन बंद करून मोटरकडे जाणाऱ्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या की डीओएलवरची मोटर सरळ फिरते. ऑटोला मात्र त्याच्याकडे येणाऱ्या बाजूच्या दोन वायरी बदला.

मास्तर: मग 'अडला' लिहा. बैल अडतो, गाडी अडते. अडण्यामागं कारण असतं, बिघडण्यात वस्तूचाच दोष येतो. मसुदा असा:

'हिरवं बटन दाबा, मोटर सुरू. लाल दाबा, बंद. लाईन जाऊन आल्यास हिरवं पुन्हा दाबावं लागेल. स्टार्टर अडला तर रिलेचा आकडा बदलू नका, रीसेट दाबा.'

वायंडिंग: रीसेटच्या आधी 'दहा मिनिटं थांबा' टाका. रिलेतली तापलेली पत्ती थंड झाल्याशिवाय रिले बसत नाही, मानूस उगाच दाबत राह्यते. अन् शेवटी, 'दुसऱ्यांदा अडला तर दाबू नका, तिन्ही फेज तपासा.'