मदत हवी आहे: ग्रास कटर रेस दिली की बंद पडतो, पेट्रोलचा पाईप चिकट झालाय

कोलशेतकर:
मंडळी, जरा लवकर सांगा. मशीन चालू होतं, चोकवर थोडा वेळ चालतं, रेस दिली की मान टाकतं. टाकीतला पेट्रोलचा पाईप हाताला डिंकासारखा चिकटला आणि ओढला तर तुटलाच. गेल्या पावसाळ्यानंतर नवीन टाकला होता! मेकॅनिक म्हणतो अख्खा कार्बोरेटर बदला. शनिवारी मुरबाडला जायचंय. बांधावरचं गवत कमरेएवढं झालंय आणि बाबा विळा घेऊन उतरायला निघालेत, त्यांची पाठ धड नाही. कुठला पाईप घेऊ एवढंच हवंय.

शिळफाटा:
टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? टाकीतलं पेट्रोल कधीचं?

कोलशेतकर:
खांद्याला अडकवायचा ब्रश कटर. पेट्रोल साधंच, घोडबंदर रोडच्या पंपावरचं.

ऐरोली_रायडर:
ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रताप, दुसरं काही नाही. माझ्या स्कूटरचं ॲव्हरेज पडलंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे २० टक्के मिसळलं की सहा-सात टक्के तिथेच गेले. पण भाव कमी केला का कुणी?

वागळे_गॅरेज:
रायडर, प्रश्न ॲव्हरेजचा नाही. आणि सगळं इथेनॉलच्या माथी मारू नका. बाजारात पिवळा पारदर्शक म्हणून जो स्वस्त पाईप देतात तो पीव्हीसीचा असतो. साध्या पेट्रोलमध्येही तो कडक होऊन तडकायचा. कोलशेतकर, तडकलेल्या पाईपातून हवा खेचली जाते, म्हणून रेसवर बंद पडतं. कार्बोरेटर लगेच बदलू नका.

ऐरोली_रायडर:
मग आधी वर्षानुवर्षं टिकणारे पाईप आताच का विरघळतात? ई-२० ची सुरुवात फेब्रुवारी २०२३ ला झाली, जुनी मशीनं त्यासाठी बनलेलीच नाहीत.

वागळे_गॅरेज:
ते मान्य. इथेनॉलने साधं रबर फुगतं, मऊ पडतं आणि वाळलं की आखडतं. कार्बोरेटरमधल्या डायफ्रॅमचं, म्हणजे पातळ लवचिक पडद्याचंही तेच. माझं म्हणणं एवढंच की पाईप चांगला असता तर टिकला असता.

दिवाळे_बंदर:
आमच्या होडीच्या मशीनला हाच त्रास. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, खाडीकाठी तर विचारूच नका. पाणी ठरावीक मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, पेट्रोल वर राहतं. आम्ही पाणी वेगळं करणारा फिल्टर लावलाय, रोज खालून काढून बघतो. तुम्ही काढलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ठेवून बघा, दोन थर दिसतायत का?

मुलुंड_चेकनाका:
बॅटरीवरचा कटर घ्या, पेट्रोलची कटकटच नाही. मी गच्चीवरच्या लॉनसाठी घेतलाय, सुंदर चालतो.

शिळफाटा:
मुरबाडच्या बांधावर चार्जिंग कुठे करणार? कोलशेतकर, पेट्रोल कधीचं ते अजून सांगितलं नाहीत.

कोलशेतकर:
दिवाळीला शेवटचं वापरलं, तेव्हापासून टाकीत तेच आहे. अर्ध्याहून कमी. ऑइल मिसळलेलं आहे, त्यामुळे खराब होत नाही ना?

शिळफाटा:
ते पेट्रोल आधी काढा, आणि तोवर दोरी अजिबात खेचू नका! ऑइल मिसळता म्हणजे तुमचं मशीन टू-स्ट्रोक, त्यात वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमधलंच ऑइल पिस्टनला पोचतं. थर सुटले की ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. पाईपच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो, तो तळाशी बसतो आणि ऑइल नसलेला थर इंजिनात जातो. पिस्टन जाम झाला तर पाईपचा खर्च चहापाण्यासारखा वाटेल.

जुनापाडा:
थोडं रॉकेल मिसळा, आम्ही पाण्याच्या पंपाला घालायचो.

वागळे_गॅरेज:
टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात रॉकेल नको, काका. ऑक्टेन घसरतं, इंजिन तापतं, ठोके मारतं. कार्बोरेटरचे भाग धुवायचे असतील तर वेगळी गोष्ट.

कोलशेतकर:
बाटलीत ठेवलं. खाली गढूळ थर दिसतोय. पाईप कुठला ते कोणी सांगेल का?

वागळे_गॅरेज:
दुकानात एफकेएम रबरचा मागा (व्हिटॉन हे त्याचंच एक ब्रँडनाव), इथेनॉलमध्ये तो टिकतो. 'पेट्रोलला चालतो' एवढ्यावर घेऊ नका. जुना तुकडा घेऊन जा, आतला-बाहेरचा व्यास जुळला पाहिजे. टाकीच्या भोकात सैल बसला तर गळेल. फिल्टर आणि डायफ्रॅमचा सेट त्याच फेरीत घ्या. जोडल्यावरही रेसवर बंद पडलं तर टाकीचं झाकण थोडं सैल करून बघा. त्याने चाललं तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय.

ऐरोली_रायडर:
पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते घरी बघता येतं. अरुंद मोजपात्रात ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, हलवून ठेवा. खालचा थर २७-२८ पर्यंत चढला तर २० टक्के समजा. उघड्यावर करा, गॅसजवळ नको.

दिवाळे_बंदर:
नवीन पेट्रोल एका दिवसाला लागेल तेवढंच मिसळा. ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात बघा, काहींना लिटरला २० मिली लागतं, काहींना ४०. काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद होईपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्येही काही उरत नाही.

कोलशेतकर:
तुकडा घेऊन उद्या दुकानात जातो. बाबांना विळा ठेवायला सांगितलाय. ते गढूळ पेट्रोल टाकू कुठे? बाथरूममध्ये ओतायला आई देत नाहीये.

शिळफाटा:
आईंचं बरोबर आहे. गटारात, मोरीत, झाडाखाली कुठेच नको. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याला विचारा, ते जुन्या ऑइलबरोबर देतात.