अनुभव धागा : वाहतूक पोलिसांनी गाडी अडवली तेव्हा तुम्ही काय बोललात?

गेल्या महिन्यात माझ्या मुलाला एका चौकात थांबवण्यात आले आणि एक शब्दही बोलायच्या आत हवालदारांनी स्कूटरची चावी काढून खिशात टाकली. डोक्यावर हेल्मेट होते, सिग्नलही तोडलेला नव्हता. परवान्याचे कार्ड तेवढे घरी राहिले होते. 'पावती फाडली तर जास्त जातील' असे ऐकल्यावर तो तीनशे रुपये देऊन मोकळा झाला. वास्तविक परवाना त्याच्या मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये होता, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाल्यापासून कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवली तरी चालतात. हे त्याला ठाऊकही होते. त्या क्षणी तोंडातून शब्द फुटला नाही, एवढेच. म्हणून विचारतो आहे : अशा वेळी आपण नेमके काय बोललात आणि पुढे काय झाले, ते लिहावे. पोलिसांवर सरसकट तोंडसुख घ्यायचे असेल, तर त्यासाठी इतर जागा पुष्कळ आहेत.

*

माझा अनुभव माझ्याच अर्धवट ज्ञानाचा आहे. रात्री साडेअकराला नाकाबंदीत गाडी बाजूला घ्यायला सांगितल्यावर, सूर्यास्तानंतर पुरुष पोलीस मला थांबवू शकत नाहीत, असे मी काच जेमतेम चार बोटे खाली करून ठणकावून सांगितले. उपनिरीक्षकांनी शांतपणे समजावले की ती तरतूद स्त्रीच्या अटकेबाबत आहे, तपासणीसाठी थांबण्याबाबत नाही. घरी येऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ४३ वाचले, तेव्हा त्यांचेच बरोबर निघाले. श्वासचाचणीपूर्वी मी नवी नळी मागितली. त्यांनी माझ्यासमोर प्लास्टिकचे वेष्टन फाडून ती यंत्राला लावली, मी फुंकर मारली, पडद्यावर शून्य उमटले. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे, आणि ती ओलांडली तर प्रकरण जागच्या जागी दंड भरून मिटत नाही, न्यायालयातच जाते.

*

मी गाडी चालवताना फोनवर बोलत होतो, त्यामुळे चूक निर्विवाद माझीच. परवाना ताब्यात घेतला गेला, आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २०६ नुसार तसे करताही येते. मात्र त्याच कलमात तात्पुरती पोच देण्याचे बंधन आहे, याची मी आठवण करून दिली. 'उद्या चौकीत या, तिथे बघू' असे उत्तर मिळाले. 'साहेब, पोच नसेल तर परवाना तुमच्याकडे आहे हे कसे दाखवू?' असे मी दोनदा, आवाज न चढवता विचारल्यावर त्यांनी बॉनेटवर पुस्तक ठेवून पोच लिहून दिली. मात्र अशा गुन्ह्यात परवाना घेतला गेला असेल, तर तो परत मिळेपर्यंत या पोचेच्या आधारे गाडी चालवता येत नाही.

*

गोव्यात आम्ही स्वस्त मिळाली म्हणून पांढऱ्या पाटीची स्कूटर भाड्याने घेतली होती. भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरे पिवळी असतात, हे अडवले गेल्यावर कळले. तिथे कोणताही हक्क सांगण्याजोगा नव्हता. दंड भरला आणि पावती घेतली.

*

मी वाहतूक शाखेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, म्हणून चावीबद्दल लिहितो. थांबल्यासारखे करून गाडी अंगावर घालणारे लोक आम्ही पाहिले आहेत, त्यामुळे हात आधी चावीकडे जायचा. तरीही मोटार वाहन कायद्यात चावी काढून घेण्याचा उल्लेख कोठेही नाही, हे मला नोकरीत असतानाही माहीत होते. नोंदणी किंवा आवश्यक परमिट नसेल तर कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते, ती गोष्ट निराळी. गणवेशातील पोलिसाने मागितल्यावर परवाना दाखवणे बंधनकारक आहे. जागेवर दंड भरणे बंधनकारक नाही, चलान घेऊन न्यायालयात बाजू मांडता येते. धागाकर्त्यांच्या मुलाने मोबाइलवरचा परवाना दाखवून 'चलानच करा' एवढे म्हटले असते, तर माझ्या अंदाजाने चावी तिथल्या तिथे परत मिळाली असती, कारण चलानाच्या यंत्रात कोणते कलम टाकायचे हा प्रश्न आमच्या माणसालाच पडला असता.