उणे पंचवीसमध्ये गाडीचं अ‍ॅव्हरेज का झोपतं?

चेतकवाला_विनिपेग

नाशिकहून कॅनडात विनिपेगला येऊन दीड वर्ष झालं, हा दुसरा हिवाळा. गाडी सेकंडहँड, २०१४ ची, १.८ लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक. बाबा चेतकच्या डिकीत एक छोटी वही ठेवायचे: तारीख, लिटर, किलोमीटर. ती खोड माझ्यातही उतरली आहे, त्यामुळे खालचे आकडे अंदाजपंचे नाहीत.

सप्टेंबरमध्ये १०० किमीला ८.५ लिटर, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला पावणेबारा. जानेवारीत १३.८ लिटर. लिटरला सव्वासात! एवढ्यात तर आमच्या आळीतली जुनी जीप चालायची.

ऑफिस साडेचार किमीवर. सकाळी घरातूनच रिमोटने गाडी सुरू करून १५ मिनिटं तापवतो, संध्याकाळी निघताना १०. शनिवार-रविवारचं सामान-सुमान, मित्रांकडे जाणं वगैरे धरून पन्नास-पंचावन्न किमी. गेले तीन आठवडे सकाळी उणे २५ च्या आसपास असतं.

खरी काळजी वेगळीच आहे. ऑइल बदलायला गेलो तर गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. आतून पिवळट, चक्क्यासारखा थर. म्हणाला, हेड गास्केट (इंजिनचं पाणी, म्हणजे कूलंट, ऑइलमध्ये जाऊ न देणारं सील) गेलं, दोन हजार डॉलरच्या पुढे खर्च. ऑइल मोजायच्या डिपस्टिकलाही पेट्रोलचा वास येतोय. गाडी खरंच गेली का? की इथे हिवाळ्यात पेट्रोलमध्येच काही गडबड असते?

निफाडकर_द्राक्षवाला

आमच्याकडे पारा चार-पाचवर आला की बागेत शेकोट्या पेटतात, पण गाडीचं अ‍ॅव्हरेज उलट वाढतं. एसी बंद असतो ना! त्यामुळे थंडीला दोष देऊ नका. इंजेक्टर चोंदले असणार. पेट्रोलमध्ये साफ करायचं औषध मिळतं, एक बाटली ओता आणि बघा.

पाना_पक्कड

निफाडकर, तुमचंही खरं आहे, पण तुमची ‘कडाक्याची थंडी’ आणि यांची थंडी यांत तीस अंशांचं अंतर आहे. मी चिंचवडला इंजिन टेस्टिंगमध्ये आठ वर्षं काढली, आता बारा वर्षं सास्काटूनमध्ये आहे. औषधाची बाटली ओतू नका, पैसे वाचवा.

चेतकवाले, चोक आठवतो ना? थंडीत स्कूटर आडवी करायची, चोक ओढायचा, किका मारायच्या. सुरू झाली की चोक आत ढकलायचा. विसरलात तर भकभक धूर आणि प्लग काळा. तुमच्या गाडीत तो चोक आहेच, फक्त तो कॉम्प्युटर ओढतो आणि तुम्हाला दिसत नाही. गारठलेल्या इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरंचसं भिंतींना चिकटून राहतं, म्हणून पेटण्याइतकी वाफ मिळावी यासाठी कॉम्प्युटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. कूलंट तापलं की हात आखडता घेतो. आता उद्या एक बघा: तापमानाची सुई ऑफिसच्या गेटपर्यंत मधे पोहोचते का? १५ मिनिटं उभी ठेवूनही नसेल पोहोचत. साडेचार किमीत तुमचा चोक आत जातच नाही, असं समजा.

त्यात इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल काकवीसारखं झालेलं. सीट हीटर, मागच्या काचेच्या तारा, पंखा, सगळ्यांची वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. टायरचं तर कोणी बघतच नाही. साधारण साडेपाच अंश उतरले की एक पीएसआय हवा कमी होते. सप्टेंबरात २० अंशांना ३३ भरली असेल आणि नंतर हात लावला नसेल, तर आज २५ च्या आसपास असेल. हवा स्वतःही जड होते, २० अंशांपेक्षा उणे २५ ला सुमारे अठरा टक्के दाट. हे हायवेला जाणवतं, गल्लीत नाही.

पण तुमच्या वहीतला सगळ्यात मोठा चोर तुम्हीच आहात. रोज २५ मिनिटं उभ्या गाडीत इंजिन चालू, म्हणजे आठवड्याला १२५ मिनिटं. १.८ लिटरचं इंजिन उभ्याउभ्या मिनिटाला साधारण १८ मिलि पितं. झाले सव्वादोन लिटर. आणि आठवड्याचं तुमचं फिरणं जेमतेम १०० किमी! वाढलेल्या सव्वापाच लिटरमधले सव्वादोन गाडी जागची न हलता गेले. शिवाय उभं इंजिन फार हळू तापतं, हलक्या पायाने चालवलं तर लवकर तापतं. काचा साफ करा, मिनिट-दोन मिनिटं थांबा, निघा. सुरुवातीला रेस करू नका, एवढंच.

पेट्रोलची गडबड म्हणाल तर भेसळ नाही, पण हिवाळ्याचं पेट्रोल वेगळं असतं खरं. लवकर वाफ व्हावी म्हणून त्यात ब्यूटेन जास्त असतं आणि लिटरमागे ऊर्जा दोन-एक टक्के कमी. मापात मात्र मारत नाहीत. पंपावर बारीक अक्षरातलं स्टिकर वाचा, कॅनडात माप १५ अंशांना दुरुस्त करून देतात.

आता हेड गास्केट. पिवळा चक्का म्हणजे बहुतेक वेळा पाण्याची वाफ. जळताना पाणी तयार होतं, थोडं क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भागात, उतरतं, आणि इंजिन पुरेसं तापलं नाही तर झाकणाखाली थिजून ऑइलमध्ये घुसळलं जातं. न जळलेलं पेट्रोलही पिस्टनच्या रिंगांवरून खाली ओघळतं, तोच तुमचा वास. गार इंजिनात कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा. दोन आठवड्यांत पातळी उतरली नाही आणि गाडी प्रमाणाबाहेर तापत नसेल, तर दोन हजार खिशातच राहू द्या. पातळी उतरली तर मात्र दुसऱ्या गॅरेजात प्रेशर टेस्ट करून घ्या. दरम्यान रविवारी गाडी हायवेला पाऊण तास पळवा आणि या हिवाळ्यात ऑइल जरा लवकर बदला.

आणि हो, बंपरमधून शेपटीसारखी प्लग लावलेली वायर लोंबत असेल बघा. तो ब्लॉक हीटर, विजेवर इंजिन गरम करणारा. रात्रभर नको, टायमर लावून निघायच्या आधी दोन-तीन तास पुरे.

हायब्रिडताई

मी मिनियापोलिसला. आमच्या हायब्रिडला तर जास्तच फटका बसतो. सिग्नलला इंजिन बंद व्हायला हवं, पण आत हीटर चालू ठेवायला ते पुन्हा पुन्हा सुरू होतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा आहे: शहरात चालवताना उणे ७ अंशांना साध्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज २५ अंशांच्या तुलनेत साधारण १५ टक्क्यांनी पडतं, हायब्रिडचं ३० ते ३४. आणि ते उणे ७! तुमच्या उणे २५ चं विचारूच नका.

निफाडकर_द्राक्षवाला

बाटली मागे घेतली. पण गाडीला रात्री प्लग लावून ठेवायचं म्हणजे कमाल आहे, आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीला लाईट असते तीच नशीब.

चेतकवाला_विनिपेग

पाच आठवड्यांनी लिहितोय, वहीत पुरेसे आकडे जमू दिले. वायर होती! ऑफिसच्या पार्किंगमधल्या खांबांवर सॉकेट का असतात ते आज दीड वर्षाने कळलं, मी समजत होतो सुरक्षारक्षकांच्या केटलसाठी. टायरमध्ये २६ निघाली, ३३ केली. गाडी आता फार तर दोन मिनिटं उभी. कूलंट रेघेवरच आहे आणि दोनदा हायवेला नेऊन आणल्यावर चक्का जवळजवळ गेला. बायको पहिली पाच मिनिटं माझ्याशी बोलत नाही, कारण सीट गार असते.

आकडा: १०० किमीला ११.१. थंडीही मधे उणे अठरापर्यंत निवळली होती, तेव्हा सगळं श्रेय माझं नाही. परवा प्लग काढायला विसरून तशीच गाडी काढली, एक्स्टेंशन वायर तुटली. ते ३५ डॉलर या हिशेबात धरलेले नाहीत.