धंद्यात 60 टक्के वापरलेली गाडी विकली: करपात्र नफा किती?

म्हापसा_दुकान: हार्डवेअरचं दुकान आहे, जीएसटी नोंदणीही आहे. मे 2021 मध्ये 9,00,000 ला घेतलेली गाडी फेब्रुवारी 2025 मध्ये 7,10,000 ला विकली. वापर 60 टक्के दुकानासाठी, बाकी घरचा. 15 टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये (घसाऱ्याचा दर सारखा असलेल्या वस्तूंचा गट) ही एकच वस्तू. हिशेबात दरवर्षी पूर्ण घसारा (वापरामुळे किमतीत धरलेली घट) टाकल्यामुळे किंमत 5,52,713 उरली आणि विक्रीवर 1,57,287 नफा दिसतोय. सगळ्यावर कर? की घरचे 40 टक्के वगळायचे?

फोंडा_हिशेब: दोन्ही नाही. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 38(2) मुळे घसाऱ्याच्या 60 टक्क्यांचीच वजावट मिळते, आणि कलम 43(6) प्रमाणे प्रत्यक्ष मिळालेला घसाराच किमतीतून वजा होतो. पहिल्या वर्षी 81,000, मग 73,710, मग 67,076. उरले 6,78,214. नफा फक्त 31,786.

यातून 40 टक्के पुन्हा काढू नका, घरचा वापर घसारा कमी धरतानाच बाजूला गेलाय. कलम 50 प्रमाणे हा अल्पमुदतीचा भांडवली नफा, मग गाडी कितीही वर्षं ठेवलेली असो. कर स्लॅबप्रमाणे. विक्रीच्या वर्षी ब्लॉक रिकामा झाला, म्हणून त्या वर्षीचा घसारा शून्य. मात्र 2024-25 मध्येच दुकानासाठी एसी किंवा वजनकाटा घेतला असेल तर तो याच ब्लॉकमध्ये येतो. 45,000 चा एसी असला तरी नफा उरत नाही, ब्लॉकमध्ये 13,214 शिल्लक राहतात.

सर्वात जास्त घोळ पुढे होतो. नफातोटा पत्रकातले 1,57,287 आयटीआर-3 (धंदा असणाऱ्यांचं आयकर विवरण) भरताना धंद्याच्या उत्पन्नातून वजा करायलाच हवेत. ते राहिले तर एकाच विक्रीवर दोनदा कर बसतो.

मडगाव_कर: आकडे बरोबर, पण आयकर कायद्यातलं गोव्यासाठीचं कलम 5ए राहिलं. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर इथे समाईक मालमत्तेची पद्धत लागू, आणि पगार सोडून बाकी उत्पन्न नवरा-बायकोत अर्धं-अर्धं. आरसी एकाच्याच नावावर असली तरी 15,893 तुमचे, 15,893 जोडीदाराचे. 5ए च्या शेड्यूलमध्ये जोडीदाराचा पॅन घाला आणि त्यांच्या विवरणात तोच आकडा येतो का ते जुळवून पाहा.

जीएसटी वाटला जात नाही, तो नोंदणी ज्याची त्यानेच भरायचा. खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसेल तर कर फक्त मार्जिनवर लागतो: विक्री किंमत वजा आयकराची शिल्लक किंमत. 16 जानेवारी 2025 पासून लहान-मोठ्या सगळ्याच जुन्या गाड्यांना 18 टक्के. तुमची किंमत जीएसटीशिवायची धरली तर 5,721. मार्जिन उणे असतं तर काहीच नाही. फेब्रुवारीच्या 3बी या जीएसटी विवरणात टाकायचं राहिलं असेल तर व्याजासह लगेच भरून टाका.

आणि पैसे कसे घेतले? 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतले असतील तर कलम 269एसटी मोडतं, दंड तेवढ्याच रकमेचा.

म्हापसा_दुकान: सगळे बँकेतून आले. पण 2022-23 चं विवरण 44एडी (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा धरायची सोय) खाली भरलं होतं, त्या वर्षी घसारा घेतलाच नाही. मग ते 73,710 वाचले का?

फोंडा_हिशेब: नाही. 44एडी(3) प्रमाणे त्या वर्षीचा घसारा मिळाला असंच धरून शिल्लक किंमत काढायची. 6,78,214 कायम.