मास स्पेकवर एकटीच काम करते, विचारायचं कुणाला?

रानजाई:

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष संपत आलंय. विषय आहे सांगलीच्या हळदीतले कर्क्युमिनॉइड, म्हणजे तिला पिवळा रंग देणारी संयुगं. आमच्या विभागात क्यू-टॉफ आहे, म्हणजे रेणूंचं वस्तुमान अचूक मोजणारं मास स्पेक्ट्रोमीटर (मास स्पेक), पण ते चालवणारे सर दीड वर्षापूर्वी दुसरीकडे गेले आणि तेव्हापासून मशीन मीच सांभाळते. गाईड मनाने फार चांगले आहेत, पण ते सिंथेसिसवाले, म्हणजे नवे रेणू बनवणारे. स्पेक्ट्रम घेऊन गेलं की म्हणतात, "यातलं तुला जास्त कळतं, तूच बघ." मला कळत नाही, हेच तर दुखणं आहे.

दोन महिने आलेखातल्या एका पीकच्या (शिखराच्या) मागे लागलेय, वस्तुमान ३९१.२८. प्रत्येक नमुन्यात येतो. मला वाटलं, हळदीत काहीतरी नवीन सापडलं.

डिसेंबरात एका परिषदेला गेले होते. तीन दिवस चहाच्या वेळी सगळे आपापल्या घोळक्यात आणि मी कप धरून खांबापाशी. पोस्टरसमोर दोघं थांबले, त्यातल्या एकाने मोबाईलवर फोटो काढला आणि गेला. परतीच्या एसटीत रडू आलं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजीत प्रश्न मनात जुळवेपर्यंत समोरचा माणूस पुढे गेलेला असतो.

या क्षेत्रात ओळखी कशा होतात? मेंटॉर म्हणतात तो कुठे भेटतो? ज्यांनी हे पार केलंय त्यांनी कृपया सांगा.

व्हॅक्यूम_ठाणे:

ताई, आधी ३९१.२८ चं बघू. तो थॅलेट आहे, प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते. प्लास्टिकच्या ट्यूबमधून, टिपमधून, कधी सॉल्व्हंटच्या बाटलीतूनही येतो. नुसता ब्लँक, म्हणजे हळद न घातलेलं सॉल्व्हंट, चालवा. त्यातही ३९१.२८ दिसला, सोबत सोडियम चिकटलेला ४१३.२७ असला आणि मशीनमध्ये रेणू फोडल्यावर १४९.०२ चा तुकडा मिळाला, तर शंका नको. काचेच्या व्हायल घ्या, मिथेनॉलची नवी बाटली फोडा. वाईट वाटून घेऊ नका, या पीकने भल्याभल्यांना फिरवलंय.

मी १४ वर्षं सर्व्हिस इंजिनिअर आहे. आम्ही मेंटेनन्सला आलो की बहुतेक विद्यार्थी "सर, झालं की सांगा" म्हणून कॅन्टीनला जातात. तुम्ही जाऊ नका. सोर्स, म्हणजे नमुन्याचे आयन बनतात तो भाग, उघडताना शेजारी उभ्या राहा. त्याच्या तोंडाशी असलेला धातूचा कोन (शंकू) काढून हातात घ्या, डाग कुठे पडलाय ते बघा. ट्यून रिपोर्ट, म्हणजे मशीनच्या जुळणीचा अहवाल, मागच्या वर्षीच्या रिपोर्टशेजारी ठेवून डिटेक्टरचं व्होल्टेज किती वाढलं ते विचारा. निर्वात करणाऱ्या रफिंग पंपाचं तेल किती काळं झालंय ते दाखवायला सांगा. विचारलेलं आम्हाला आवडतं.

आणखी एक. आम्ही महिन्याला दहा-बारा लॅबची पायरी चढतो. एका लॅबचा डेटा दुसऱ्या लॅबला कधीच सांगत नाही, पण "तुमच्यासारखंच काम अमुक ठिकाणी एक मॅडम करतात, त्यांना विचारून तुमचा नंबर देऊ का?" एवढं नक्की करतो. माझ्या ओळखीने असे चार-पाच जण एकमेकांना जोडले गेलेत.

कृष्णाकाठ:

रानजाई, तुझ्या एसटीतल्या रडण्यापाशी मी थांबलेच. मी कराडची. पीएचडी पुण्यात केली, आता नाशिकला द्राक्ष आणि भाजीपाल्यातले फवारणीच्या औषधांचे अंश तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे.

२०१९ साली अटलांटाला अमेरिकन सोसायटी फॉर मास स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे एएसएमएसची, वार्षिक परिषद होती. प्रवासाचा खर्च सरकारी योजनेतून मिळाला म्हणून जाऊ शकले. हजारो माणसं, हॉलच्या एका टोकाहून दुसरं दिसत नाही. संध्याकाळी कंपन्यांचे हॉस्पिटॅलिटी स्वीट उघडतात, तिथे खाणंपिणं, गप्पा. पहिले दोन दिवस माझं तुझ्यासारखंच झालं. पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहिले आणि साडेनऊला खोलीवर परतले.

तिसऱ्या दिवशी बॅगेत एक कागद ठेवला. ए-फोर, त्यावर माझाच एक क्रोमॅटोग्राम, म्हणजे कॉलम नावाच्या नळीतून कुठला पदार्थ कितव्या मिनिटाला बाहेर पडतो त्याचा आलेख. डाळिंबाच्या अर्कात माझ्या एका औषधाचा सिग्नल अर्ध्याहून खाली यायचा, शुद्ध द्रावणात मात्र व्यवस्थित. आयन सप्रेशनवरच्या, म्हणजे नमुन्यातल्या इतर पदार्थांमुळे सिग्नल दबण्यावरच्या, एका पोस्टरपाशी गेले. तिथे साठीच्या एक बाई होत्या. "मी अमुक, अमुक विषयात काम करते" वगैरे काही म्हटलंच नाही. कागद पुढे केला आणि म्हणाले, हा पीक बघा, तुम्ही माझ्या जागी असता तर उद्या काय केलं असतं? त्यांनी चष्मा वर सरकवला, खिशातलं पेन काढलं आणि त्याच कागदावर चित्र काढायला लागल्या. कॉलम आणि मशीन यांच्या मध्ये टी आकाराचा सांधा जोड. सिरिंज पंपाने तुझं औषध एकसारखं सोडत राहा. मग कॉलमवर औषध नसलेला, नुसत्या डाळिंबाचा अर्क टोच. जिथे सिग्नल खाली बसेल, तिथे अर्कातलं काहीतरी बाहेर पडून तुझ्या औषधाचं आयनीभवन दाबतंय. पंचवीस मिनिटं बोललो आम्ही. माझं इंग्रजी अडखळत होतं, पण कागद बोलत होता.

परत आल्यावर ते करून बघितलं. २.१ मिनिटाला खड्डा, माझा पीक नेमका त्या खड्ड्यात. ग्रेडियंट, म्हणजे कॉलममधून जाणाऱ्या द्रवाचं बदलतं मिश्रण, सावकाश केला, पीक ३.४ ला सरकवला, सिग्नल परत आला. आधीचं आणि नंतरचं चित्र जोडून बाईंना चार ओळींची ईमेल पाठवली. त्या दिवशी मेंटॉर मिळाला असं मी मानते, अटलांटात नव्हे. सल्ला बरेच जण मागतात, पुढे काय झालं ते कळवणारे फार थोडे. नंतर पोस्टडॉकच्या अर्जासाठी पत्र त्यांनीच दिलं, तेही मी संकोचत विचारल्यावर लगेच.

म्हणून माझं ऐक. ओळख करून घ्यायला जाऊ नकोस, एक पीक घेऊन जा. "मला मार्गदर्शन करा" याला उत्तर देणं समोरच्यालाही जड जातं. "३३९.१२ चा पीक दुभंगतोय, इंजेक्शनचं सॉल्व्हंट बदलू की कॉलम?" याला कुणीही दोन मिनिटं देतो. आणि इंग्रजीची भीती वाटते ना? प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहून ठेव, बघून वाच. कुणालाही काही वाटत नाही.

आपल्याकडे इंडियन सोसायटी फॉर मास स्पेक्ट्रोमेट्री १९७८ पासून आहे, कार्यालय ट्रॉम्बेला बीएआरसीत. तिचे सभासद होऊन ठेव. तरी मोठ्या परिषदेपेक्षा मी तुला हातात मशीन देणारी छोटी कार्यशाळा सुचवेन. वीस जण चार दिवस एकाच कॉलमवर धडपडतात, एकत्र जेवतात, तिथल्या ओळखी टिकतात. फीमेल्स इन मास स्पेक्ट्रोमेट्री हे आपल्या क्षेत्रातल्या बायकांचं आंतरराष्ट्रीय जाळं आहे, तेही बघ. जवळपास कुणाकडे कुठलं मशीन आहे हे शोधायला आय-स्टेम पोर्टल आहे. तिथून नाव काढ आणि सरळ फोन लाव.

२०१० मध्ये युरोपने क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशांसाठी आपली द्राक्षं अडवली, तेव्हा मी या क्षेत्रात नव्हते. पण आमचे सीनियर सांगतात ते मनात राहिलंय. हे रसायन अतिध्रुवीय, धन भार कायमचा अंगावर, नेहमीच्या अर्क काढायच्या पद्धतीत नीट उतरत नाही. त्या हंगामात एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या लॅबमधली माणसं रात्री अकराला फोन करून १२२ वरून ५८ चं ट्रान्झिशन, म्हणजे १२२ चा आयन फोडून ५८ चा तुकडा मोजणं, कसं जमतंय ते विचारायची. त्यातली बरीच जण आज मोठ्या जागांवर आहेत आणि अजून एका फोनवर उपलब्ध असतात. अडचण समान असली की माणसं जवळ येतात. तुझी अडचण लपवू नकोस.

पाणवठा:

वरचं सगळं पटलं. फक्त काळजीपोटी एक सांगतो.

पीएचडीत असताना मीही असाच एका ज्येष्ठांकडे गेलो होतो. त्यांनी आपुलकीने रॉ फाइल्स, म्हणजे मशीनचा मूळ डेटा, मागितल्या, मी पेनड्राइव्हवर दिल्या. आठ महिन्यांनी त्यातल्याच दोन आकृत्या त्यांच्या पेपरमध्ये दिसल्या, माझं नाव आभारातही नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे: चित्र दाखवायचं, फाइल द्यायची नाही. फाइल द्यायची वेळ आलीच तर आधी गाईडला सांगायचं, आणि नाव कुठे येणार ते ईमेलवर ठरवून घ्यायचं. गाईडला डावलून बाहेर विचारत राहिलीस तर पुढे गैरसमज होतात. प्रत्येक ईमेलच्या सीसीत त्यांना ठेव, त्यांनाही बरं वाटेल.

तुझं काम वनस्पतींतल्या संयुगांचं आहे, तर जीएनपीएस ही स्पेक्ट्रम जुळवणारी वेबसाइट वापर. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठातून चालतं, फुकट आहे. तुझे एमएस-एमएस स्पेक्ट्रम, म्हणजे रेणू फोडून मिळालेले, टाकलेस की एकमेकांसारखे फुटणारे रेणू जाळ्यात शेजारी येतात. कर्क्युमिनचा १७७ चा तुकडा आणि त्याच्या भावंडाचा, बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिनचा, १४७ चा तुकडा, असे दोन्ही देणारं डिमेथॉक्सीकर्क्युमिन मधे कुठे बसतं ते डोळ्यांनी दिसेल. क्वांटिफिकेशनसाठी, म्हणजे प्रमाण मोजायला, स्कायलाइन हे सॉफ्टवेअर, तेही फुकट. त्यांच्या सपोर्ट बोर्डवर प्रश्न टाकला की सॉफ्टवेअर लिहिणारेच उत्तर देतात. मी तिथे टाकलेल्या एका प्रश्नाला रात्रीत उत्तर आलं होतं. आधी जुने प्रश्न मात्र वाच.

रानजाई:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. सकाळी सहा वाजता लॅब उघडली. काचेच्या व्हायलमध्ये नव्या बाटलीतलं मिथेनॉल, शेजारी आमच्या नेहमीच्या ट्यूबमधलं तेच मिथेनॉल. काचेत जवळपास काहीच नाही. ट्यूबमध्ये ३९१.२८, ४१३.२७ आणि फोडल्यावर १४९.०२. दोन महिने गेले, पण आज हलकं वाटतंय. गाईडना दोन्ही प्रिंट दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर मलाही कळलं असतं." सीसीचं विचारलं, आनंदाने हो म्हणाले.

पुढच्या आठवड्यात इंजिनिअर येणार आहेत. मी कॅन्टीनला जाणार नाही.

कृष्णाकाठ ताई, तुम्ही उदाहरण म्हणून लिहिलंत पण माझा ३३९.१२ खरंच दुभंगतोय. नमुना शुद्ध मिथेनॉलमध्ये आहे आणि ग्रेडियंटची सुरुवात ९५ टक्के पाण्याने. पाठवू का?

कृष्णाकाठ:

पाठव, गाईडना सीसीत ठेवून. त्याआधी नमुना सुरुवातीच्या मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून सुरुवातीला वाहणाऱ्या त्या ९५ टक्के पाण्याच्या मिश्रणात, पातळ करून एकदा टोचून बघ. हळदीतली संयुगं बाहेर पडून द्रावण गढूळ झालं तर तसं लिही. प्रिंट काढताना बाजूचा इंटेन्सिटीचा आकडा कापू नकोस, आणि त्याच दिवसाचा ब्लँक जोड.