आजोबा गेल्यावर पहिलीतल्या मुलाच्या प्रश्नांना काय उत्तर द्यावं? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. गेल्या महिन्यात माझे सासरे हार्ट अटॅकने अचानक गेले. मुलगा पहिलीत आहे. त्याला शाळेतून आणणं, संध्याकाळी तलावपाळीची फेरी, रात्रीची गोष्ट, सगळं आजोबांकडे होतं.

अंत्यविधीच्या वेळी त्याला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. दिवसकार्य होईपर्यंत तो गप्पच होता. आता प्रश्न सुरू झालेत. परवा माझ्यासोबत मटार सोलता सोलता म्हणाला, "आई, आजोबांना जाळलं तेव्हा चटका बसला असेल ना?" खाली खेळताना कुणीतरी मोठ्या मुलाने सांगितलंय. मला शब्दच सुचेनात. तेवढ्यात हा बॅट घेऊन खाली पळालासुद्धा! रात्री मात्र बाबांच्या शर्टाचं टोक धरून झोपतो. त्यांना ऑफिसातून यायला उशीर झाला की गॅलरीतून हलत नाही.

सासूबाई म्हणतात, "विषयच काढू नका, लहान आहे, विसरेल." नवरा वडिलांचं नाव निघालं की उठून जातो. दोघांचं दुःख मला दिसतंय. पण घरात कुणीच बोललं नाही तर पोर एकटंच काहीबाही कल्पना करत बसेल, याची मला फार काळजी वाटते.

त्या चटक्याबद्दल काय सांगू? आजोबांची काठी, चपला अजून दाराशीच आहेत, त्या आवराव्यात का? शाळेत बाईंना सांगू का? आणि तज्ज्ञांकडे न्यायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद:

ताई, मी शाळेत समुपदेशक आहे. तो तुम्हाला विचारतोय, म्हणजे त्याचा तुमच्यावर विश्वास आहे. सरळ सांगा: "आजोबांचं हृदय बंद पडलं, श्वास थांबला. माणूस गेला की शरीराला काहीच जाणवत नाही. दुखत नाही, थंडी वाजत नाही, चटकाही कळत नाही." या वयात मेलेलं माणूस परत येत नाही हे पूर्ण उमगलेलं नसतं, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा विचारेल. दर वेळी हेच, याच शब्दांत सांगा. रडता रडता खेळायला पळणं अगदी स्वाभाविक आहे, मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्यांनी येतं.

एक गोष्ट मुद्दाम बोला. "मी त्रास दिला म्हणून आजोबा गेले" असं या वयाची मुलं मनात धरून बसतात आणि बोलत नाहीत. त्याने विचारलं नसलं तरी सांगा, की त्याच्यामुळे काहीही झालेलं नाही.

चपला-काठी त्याला न विचारता हलवू नका. एखादी वस्तू त्याला स्वतःजवळ ठेवू दे. बाईंना उद्याच सांगा. बाबांनी त्याच्यासमोर डोळे पुसले तरी चालेल, "मलापण आठवण येते" एवढं म्हणाले तरी पोराला बरं वाटेल. उशीर होणार असेल तेव्हा त्यांनी त्याच्याशीच फोनवर बोलावं.

झोप, जेवण, शाळा आठवडेच्या आठवडे बिघडलेली राहिली तर तज्ज्ञांना दाखवा. "मलाही आजोबांकडे जायचंय" असं म्हणाला तर मात्र वाट बघू नका. बहुतेकदा त्यात फक्त भेटीची ओढ असते, पण ते तज्ज्ञांना ठरवू दे. ठाण्यातच आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. सरकारच्या टेलीमानस हेल्पलाइनवर, 14416 वर, चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं. सासूबाईंनाही त्याचा उपयोग होईल, त्यांच्याशीही कुणीतरी बोलायला हवंय.