मसाई मारा: पळत्या जनावरांचे फोटो धूसर येतात

प्रश्न: ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जातोय. १००-४०० मिमीची झूम लेन्स आहे. सरावात पळत्या कुत्र्याचे फोटोही धूसर येतात. ट्रायपॉड न्यावा का?

उत्तर १: ट्रायपॉड नको, गाडीत त्याचे पाय पसरायला जागा नसते. बीनबॅग (लेन्स टेकवायची कापडी पिशवी) रिकामी न्या, तिथे तांदूळ भरा आणि उघड्या छताच्या कडेवर ठेवून लेन्स टेकवा. ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा. थरथर थेट फोटोत उतरते.

उत्तर २: मूळ दुखणं शटरच्या वेगाचं दिसतंय. पळत्या चित्त्याला १/२००० सेकंद हवाच, बसलेल्या सिंहाला १/५०० पुरे. मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६, ऑटो आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता), कमाल ६४००. जास्त आयएसओने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही. फोकस सलग (कंटिन्युअस) मोडवर ठेवा, नेम डोळ्यावर.

उत्तर ३: ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते. मग लांबचं जनावर कुठल्याही लेन्सने धूसरच येणार, तेव्हा जवळचंच टिपा. मारा नदीकाठी विल्डबीस्टच्या (गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांच्या) कळपांची धूळ प्रचंड, तिथे लेन्स बदलूच नका. आणि चित्ता दबा धरून असेल तर गाडी पुढे घ्यायचा आग्रह कृपया नको. त्याची शिकार हुकते, पिल्लं उपाशी राहतात.